सहा हात खिंडार

नंदगोळची म्युनिसिपालटी तुम्ही पाहिली नाहीत, ते एका परीनं बरंच झालं. निपाणीहून बेळगावला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. तंबाखूच्या वखारी, मंगळवारचा बाजार आणि इंग्रज सरकारनं हौसेनं बहाल केलेली म्युनिसिपालटी. मेंबर नऊ. नऊच्या नऊ शहाणे. एक शहाणा असता तर त्यानं गाव चालवलं असतं, दोन असते तर भांडून तरी काही ठरलं असतं. नऊ शहाण्यांनी करावं काय? त्यांनी तीन-तीनांच्या तीन पार्ट्या केल्या आणि निवांत बसले.

ह्या म्युनिसिपालटीचा एक कोंडवाडा होता आणि कोंडवाड्यावर मष्णू नावाचा माणूस होता. कुणाचं मोकाट जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं की ते हाकत आणून मष्णूच्या ताब्यात द्यायचं, आणि मालकानं दंड भरून सोडवून न्यायचं, अशी सरकारी रीत. मष्णू पन्नाशीचा, आडव्या अंगाचा, आखूड मानेचा. बायको राजाबाई पाच वर्षांमागं तापानं गेली. एकुलती पोरगी चंद्रा येळ्ळूरला दिलेली. घरी वाट बघणारं कुणी नाही म्हणून गडी कोंडवाड्यातच जेवायचा आणि तिथंच निजायचा. चौदा वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून एक शेळी सुटली नाही की एक म्हैस उपाशी राहिली नाही. मेंबराचा बैल असो की गावाबाहेरच्या गरिबाचं वासरू, त्याला सगळे सारखे.

"जनावराला पार्टी नसतीया," असं तो म्हणायचा. नंदगोळात असं बोलायची सोय फक्त त्यालाच होती.

आता ऐका गंमत. तेहतीस साली पावसानं कोंडवाड्याची मागची भिंत ढासळली. मोजून सहा हातांचं खिंडार पडलं. तुमच्या-माझ्या घरची भिंत असती तर आपण चार दिवसांत चार दगड रचून मोकळे झालो असतो. पण भिंत पडली म्युनिसिपालटीची! सभा बोलावली गेली. प्रेसिडेंट होते आण्णाप्पा, तंबाखूचे व्यापारी. त्यांच्या मेव्हण्याची वीटभट्टी होती, म्हणून त्यांना विटेची भिंत हवी होती. दुसऱ्या पार्टीचे पुढारी मारुतीराव. त्यांची दगडाची खाण, म्हणून त्यांना दगडाचीच भिंत दिसत होती. तिसरे बसवंतआप्पा. त्यांच्याकडं ना भट्टी ना खाण, पण त्यांच्या वॉर्डात मातीकाम करणारी चाळीस घरं होती आणि चाळीस घरांत मतं होती. त्यांचं म्हणणं, आपल्या वाडवडिलांच्या भिंती मातीच्याच होत्या, त्या काय वाईट होत्या?

विटेला तीन मतं, विरुद्ध सहा. दगडाला तीन मतं, विरुद्ध सहा. मातीला तीन, विरुद्ध सहा. हेडक्लार्क अंबाजी यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, "विषय पुढील सभेत घ्यावा." पुढल्या सभेतही तेच लिहिलं. तीन वर्षांत हे वाक्य त्यांनी एकोणीस वेळा लिहिलं. शेवटी शेवटी तर सभा सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवायचे.

आणि भिंत? भिंतीच्या जागी मष्णू होता. पडल्या रात्रीच त्यानं आपलं बाजलं उचलून खिंडारात आडवं टाकलं. चार हात बाजल्यानं अडले, उरलेल्या दोन हातांत बाभळीच्या फांद्या रोवल्या आणि वर आपण बसला. दोन दिवसांचं काम समजून बसला होता, त्याची तीन वर्षं झाली. ऊन झालं, पाऊस झाला, मष्णू हलला नाही. जरा कुठं उठून गेला की एखादी म्हैस फांद्या तुडवून बाहेर. म्हशी त्याच्या खांद्याला अंग घासायच्या. एका शेळीनं त्याचा पटका निम्मा खाल्ला. येणारे-जाणारे विचारायचे, "काय मष्णूअण्णा, भिंत कवा हुनार?" मष्णू म्हणायचा, "झालीया की! दिसत न्हाय व्हय? बोलतीया न्हवं तुमच्यासंगं!"

हसण्यावारी न्यायचा बिचारा. पण पाठीला टेका नसलेल्या माणसाची पाठ किती दुखते हे त्याचं त्याला माहीत.

तर छत्तीस सालच्या माघात येळ्ळूरहून माणूस आला. चंद्रा बाळंत झाली होती. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर पहिलं मूल. खरं म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण आई नाही, आणि बाप खिंडारात राहतो, तिला आणायचं कुठं? म्हणून ती सासरीच बाळंत झाली आणि सासूनं त्यावरून तिला काय काय ऐकवलं असेल ते बायकांना सांगायला नको. पोरीनं निरोप धाडला होता, "आप्पा, येत्या बेस्तरवारी बारसं हाय. तू ये. आईनं ठेवल्यालं लुगडं घिऊन ये. तू न्हाय आलास तर मला म्हायेर न्हाय आसं मी समजंन."

मष्णूनं निरोप ऐकला आणि म्हशीच्या गळ्यात हात टाकून ढसढसा रडला. मग उठून ट्रंक उघडली. तळाशी शहापूरच्या मागावरचं अंजिरी लुगडं होतं. राजाबाईनं शेवटच्या वर्षी स्वतः शहापूरला जाऊन विणकराच्या दारात बसून पसंत केलं होतं. आजारात नवऱ्याला जवळ बोलावून म्हणाली होती, "चंद्रीच्या पयल्या बाळंतपनाला ह्ये न्या. दुसऱ्या कुणाच्या हातनं धाडू नगा." तिचं एवढंच मागणं राहिलं होतं.

म्हणजे एका दिवसाचा जायचा-यायचा प्रश्न. सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं बेळगाव, तिथून चालत येळ्ळूर, संध्याकाळी बारसं, दुसऱ्या दिवशी दुपारी परत. मष्णूनं अंबाजी हेडक्लार्ककडून दीड दिवसाच्या रजेचा अर्ज लिहून घेतला आणि खाली अंगठा उठवला. अंबाजी माणूस वाईट नव्हता. त्यानं सोमवारच्या सभेत अर्ज पहिलाच घेतला.

आण्णाप्पा म्हणाले, "रजा द्यायला हरकत न्हाय. बदली म्हणून माझा भाचा बसंल."

झालं! मारुतीराव ताडकन उठले. "तुमचा भाचा? म्हंजे तुमचा बैल तेवढ्यात सुटला म्हणायचं की!"

कारण त्या आठवड्यात कोंडवाड्यात मोठा ऐवज जमा होता. आण्णाप्पांच्या खिल्लारी बैलानं बसवंतआप्पांच्या शेतात वाळत घातलेला तंबाखू तुडवला होता. मारुतीरावांचा रेडा आण्णाप्पांच्या केळीत घुसला होता. बसवंतआप्पांच्या दोन म्हशी मारुतीरावांच्या उसात सापडल्या होत्या. दंड भरून सोडवायला तिघांनाही काही जड नव्हतं. पण जो आधी भरील त्यानं चूक कबूल केली असं गाव म्हणणार! म्हणून तिघांची जनावरं बारा दिवस मष्णूच्या कडब्यावर होती, आणि आपलं गुपचूप सुटावं, दुसऱ्याचं अडकून पडावं, ही तिघांची इच्छा होती.

मारुतीरावांनी आपला चुलतभाऊ सुचवला. बसवंतआप्पांनी आपला वाटेकरी सुचवला. भाच्याला तीन मतं, विरुद्ध सहा. पुढचं तुम्हाला पाठ झालंच आहे. अंबाजीनं लिहिलं, "विषय पुढील सभेत घ्यावा." पुढील सभा होती पुढच्या महिन्यात, आणि बारसं होतं तीन दिवसांवर.

मष्णू शेजाऱ्याला घटकाभर खिंडारात बसवून बाहेर दाराशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. "अंबाजीराव, मी तसाच ग्येलो तर?"

"जनावर पळालं की नोकरी गेली म्हणून समज," अंबाजी म्हणाला. "चौदा वर्षं मातीत जातील मष्णू. ह्या लोकांचं दुसऱ्या कशात जमत न्हाय, पण शिपायाला काढायचं म्हटलं की लगेच जमंल."

आता काय करावं माणसानं? नोकरी सोडली तर खायचं काय, आणि न जावं तर मेलेल्या बायकोला तोंड कुठलं दाखवायचं?

बुधवारी दुपारी मष्णू मेंबरांच्या पाया पडायला निघाला. खिंडारापाशी तेवढा वेळ त्यानं पुन्हा शेजारच्या भावकू कुंभाराला बसवलं; घटकाभर बसायला त्याची ना नव्हती, पण दीड दिवस चाक थांबवणं त्याला परवडणारं नव्हतं. पहिल्यांदा मारुतीरावांकडं गेला. "मालक, कुणाला तरी बसवा एक दीस. माज्या पोरीच्या लेकराचं बारसं हाय वो." मारुतीराव पान लावत होते. "बघतो," म्हणाले. ह्या एका शब्दावर त्यांनी दोन निवडणुका काढल्या होत्या. मष्णू तिथून बसवंतआप्पांकडं गेला. ते कानडीत "नोडोण" म्हणाले. त्याचाही अर्थ बघू असाच. मग हिरमुसलेल्या तोंडानं तो प्रेसिडेंटांच्या वखारीत पोचला.

"आनी कुणाकडं गेलतास?" आण्णाप्पांनी विचारलं.

"मारुतीरावांकडं गेलतो."

"काय म्हणाला त्यो?"

"बघतो म्हनालं."

आण्णाप्पांच्या हातातली तपकिरीची चिमूट नाकापर्यंत गेलीच नाही. "बघतो म्हणाला? स्वतः बघतो? आनि बसवंत?"

"त्ये बी बघतो म्हनालं, कानडीत."

"अस्सं!" आण्णाप्पा गादीवरून उठले. "म्हंजे दोघांनी ठरवलंय. तू गेलास की ह्यांनी खिंडारात बसायचं आनि आपापली जनावरं काढायची. माझा बैल तेवढा ऱ्हायचा आत गावाला दाखवायला! मष्णू, तू बिनघोर जा. उद्या मी स्वतः बसतो."

खरं सांगतो, मष्णूच्या मनात तोवर काही कपट नव्हतं. तो साधा गडी. पण तीन वर्षं मेंबरांच्या जनावरांसंगं काढल्यावर थोडं शहाणपण येतंच. वखारीतून बाहेर आला आणि जागच्या जागी थांबला. मग वळून सरळ मारुतीरावांच्या दारात. "मालक, आता तुमी बघाय नगा. पेशिडंट सोता बसनार हायती."

मारुतीरावांनी पान थुंकलं. "आण्णाप्पा? बसतो व्हय? मी त्याच्या आधी येतो!"

बसवंतआप्पांना हे कळल्यावर ते जेवणावरून उठले. त्यांनी आपल्या दोघा मेंबरांना निरोप दिला, त्यावरून उरलेल्यांना कळलं. आपल्या पार्टीचे दोनच आणि त्यांचे तीन असं कसं चालेल? संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ मेंबर खिंडारात बसायला तयार होते. तीन वर्षांत नऊजणांचं कधी एका गोष्टीवर जमलं नव्हतं हो! मष्णू प्रत्येकाला हात जोडून एकच सांगत होता, "आत आल्यावर तेवढी म्होरल्या दाराची कडी घाला, मालक. दार ढिलं हाय." प्रत्येकजण मान हलवत होता.

बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, उजाडताच मेंबर आले. पुढच्या दारातून आत शिरले, अंगण ओलांडलं आणि मागच्या खिंडारात मांडीला मांडी लावून बसले. सहा हातांत नऊ माणसं! कोटाला कोट, पटक्याला पटका. मुंगी शिरायला फट राहिली नाही. मष्णूनं त्याआधीच जनावरांना पाणी दाखवलं होतं आणि लुगडं काखोटीला मारून तो खिंडारातून बाहेर पडला होता; जाता जाता त्यानं मागं वळून बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच कोंडवाड्याला पक्की भिंत झाली होती. हसू दाबत गडी मोटारीकडं पळाला.

येळ्ळूरला पोचला तेव्हा दिवस कलला होता. पाळणा बांधून झालेला. बायका जमलेल्या. चंद्रा दाराकडं डोळे लावून बसलेली. सासू अंगणातच म्हणत होती, "न्हाय यायचा तुजा बा. सरकारी मानूस त्यो!" आणि तेवढ्यात हा दारात. अंगावर धूळ, पटका शेळीनं खाल्लेला, हातात अंजिरी लुगडं.

"आप्पा!" एवढंच म्हणाली पोरगी आणि रडायला लागली.

मष्णूनं लुगडं तिच्या ओटीत घातलं. "तुज्या आयनं धाडलंया." बायकांतल्या कुणीतरी डोळ्याला पदर लावला. सासूसुद्धा लुगड्याचा काठ चाचपून म्हणाली, "शहापुरी हाय गं, चांगलं दांडगं हाय." म्हणजे तिची तक्रार मिटली.

पोरगी झाली होती. पाळण्याखालून-वरून दिली-घेतली, आणि आत्यानं कानात कुर्र करून नाव सांगितलं, राजाक्का. आईचं नाव चंद्रानं आधीच ठरवून ठेवलं होतं. मष्णू ओसरीवर बसला होता तो मागं सरकला आणि त्याची पाठ भिंतीला लागली. चांगली पक्की, शेणानं सारवलेली भिंत. तीन वर्षांत त्याला पाठ टेकायला मिळाली नव्हती. त्यानं डोळे मिटले. "जेवायला उठा," म्हणून जावई दोनदा सांगून गेला. तो उठला नाही. भिंतीला टेकून, नातीचं नाव तोंडातल्या तोंडात घोळवत, तो तसाच झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारशाच्या घुगऱ्यांचं गाठोडं घेऊन तो नंदगोळला उतरला. बाजारातले लोक त्याच्याकडं बघून हसायला लागले. पानवाला शामू तर पोट धरून बसला. मष्णूला कळेना. कोंडवाड्याशी पोचला तर पुढचं दार सताड उघडं. आत डोकावला. अंगणात शेणाचे पो होते, कडब्याची धाटं होती, पाण्याचं रिकामं डोणगं होतं. जनावर एक नाही. ना खिल्लारी, ना रेडा, ना म्हशी, ना ती पटका खाणारी शेळी.

आणि समोर खिंडारात नऊ पाठी! जागरणानं वाकलेल्या, कोट चुरगळलेल्या, पण एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. कुणीही आत बघत नव्हतं. आत बघायला मान वळवावी तर तेवढ्यात शेजाऱ्यानं काही केलं तर?

झालं होतं असं. पहिल्यांदा आत आलेल्या आण्णाप्पांना वाटलं, कडी मागून येणारा घालील. मागून आलेल्यांना वाटलं, त्याच्या मागचा घालील. नवव्याला वाटलं, आठजण आधी आले, त्यांच्यातल्या कुणाला एवढंही करता येऊ नये? मी काय सगळ्यांचा चाकर आहे? रात्रभर जनावरांना कुणी वैरण टाकली नाही; प्रत्येक पार्टी म्हणाली, आपण का टाकावी, दुसऱ्याच्या जनावराच्या पोटात जाईल. पहाटे भुकेलेल्या खिल्लाऱ्यानं दाराला शिंग लावलं, दार उघडलं. मागून सगळी वरात चालत बाजारपेठेतून गेली. उभ्या गावानं बघितली. पण नऊ मेंबर एका जागी बसलेले बघायची गावाला इतकी मजा वाटत होती, की सांगायला कोण जातंय?

मष्णूनं खाकरून घसा मोकळा केला. "मालक, घुगऱ्या घ्या. नात झाली मला."

नऊ माना वळल्या. मग नऊ तोंडं उघडली, आणि जो गलका झाला म्हणता! तेवढ्यात अंबाजी धावत आला. सगळा कोरम एका जागी आयता बसलाय म्हटल्यावर त्यानं ठरावबुक आणलंच होतं. सभा तिथंच भरली. आणि अंबाजी म्हणाला होता तसंच झालं. आण्णाप्पांनी मांडलं, मारुतीरावांनी अनुमोदन दिलं, बसवंतआप्पांनी मान डोलावली. मष्णू बिनरजेचा गैरहजर राहिला, त्यामुळं जनावरं पळाली, सबब त्याला कामावरून काढावं. नऊ विरुद्ध शून्य! म्युनिसिपालटीच्या इतिहासातला पहिला एकमताचा ठराव.

चौदा वर्षं एका ठरावात गेली. पण रात्रभर भिंतीला पाठ टेकून आलेला माणूस तो. तो शांतपणे म्हणाला, "बराबर हाय मालक. मी गैरहजर हुतो. तसं लिवा. आन् त्या येळंला कोन कोन हजर हुतं, त्ये बी लिवा."

अंबाजीचा टाक थांबला. त्यानं चष्म्यावरून बघितलं. "ते लिहावंच लागंल साहेब. चौकशीचा कागद प्रांतसाहेबाकडं जाणार. जनावरं पळाली तेव्हा जागेवर हजर... नावं घालू का नऊ?"

नऊजणांनी एकमेकांकडं बघितलं. भावकू कुंभार खिंडाराबाहेर उभा होता, तो तेवढा खुसखुसला. मग मारुतीराव हळूच म्हणाले, "जनावरं होती म्हणून कोण म्हणतंय?"

"मी तर एक बी बघितलं न्हाय," बसवंतआप्पा म्हणाले. आणि ते खरंच होतं.

आण्णाप्पांनी घसा साफ केला. "लिहा अंबाजी. बेस्तरवारी कोंडवाड्यात जनावर नव्हतं. सबब पळालं न्हाय. सबब मष्णूची दीड दिवसाची रजा मंजूर."

नऊ विरुद्ध शून्य. दुसराही ठराव एकमताचा. अंबाजीनं ती संधी साधून विचारलं, "आणि भिंतीचं काय? सगळे हायतच तर..."

"विटेची," आण्णाप्पा म्हणाले.

"दगडाची," मारुतीराव म्हणाले.

अंबाजीनं बसवंतआप्पांचं ऐकायचीही वाट बघितली नाही. लिहिलं, आणि पुस्तक मिटलं.

मेंबर उठले. कुणाचा पाय बधिर झाला होता, कुणाची कंबर धरली होती. प्रत्येकानं ओंजळभर घुगऱ्या घेतल्या, कुणी नातीचं नाव विचारलं नाही, आणि चावत चावत एकेकजण पुढच्या दारातून बाहेर पडला. मष्णू खिंडारात उभा राहून मोजत होता. सात, आठ. नववा मेंबर गेला.

दार उघडंच होतं.

"आयला ह्यांच्या!" मष्णू म्हणाला. रिकामं अंगण ओलांडून गेला, कडी घातली, हिसका देऊन दोनदा बघितली. आत राखायला एक कोंबडीसुद्धा नव्हती. तरी परत येऊन त्यानं बाजलं खिंडारात ओढलं, त्यावर बसला, सवयीनं पाठ मागं टेकायला गेला आणि पडता पडता सावरला. एका रात्रीत भिंतीची सवय लागली होती. मग एकटाच हसायला लागला, आणि नातीच्या जावळाला आता किती महिने आहेत ते बोटांवर मोजू लागला.